एकच बोनस चारदा खर्च होतो, तो कसा ते सांगते

मी एका छोट्या पतसंस्थेत सोनेतारणाच्या काउंटरवर बसते, बारा वर्षं झाली. लोकांची दिवाळी कशी गेली ते मला दिवाळीत कळत नाही, संक्रांत झाली की कळतं. मागं एकदा जानेवारीत ओळखीच्या एक मावशी आल्या, पर्समधनं गुलाबी कागदाची पुडी काढली, उलगडली तर आत ठुशी आणि सोबत सराफाचं बिल तसंच घडी घालून ठेवलेलं, तारीख पाडव्याची. म्हणजे धड तीन महिने पण झाले नव्हते, ठुशी एकदा भाऊबीजेला घातली तेवढीच. मुलाच्या मोबाईलचा हप्ता, टीव्हीचा हप्ता आणि कार्डचं बिल असं सगळं एकाच महिन्यात अंगावर आलेलं. आमच्या सोनारानं वजन केलं, लाख आणि दोरा वजा केला, आणि जो आकडा सांगितला तो ऐकून मावशी नुसत्या बिलाकडं बघत राहिल्या, कारण बिलावरचा आकडा त्याच्यापेक्षा कितीतरी मोठा होता.

ह्या मावशी उधळ्या नाहीत हो. भाजी घेताना पाच रुपयांसाठी घासाघीस करतात, गॅस मंद ठेवून डाळ शिजवतात, घरातलं एक पाकीट वाया जाऊ देत नाहीत. तरी हे झालं, आणि असे दरवर्षी कितीतरी जण येतात म्हणून मला हे लिहावंसं वाटलं. सणाच्या खर्चाबद्दल जे काही सल्ले मिळतात ते सगळे 'अंथरूण पाहून पाय पसरा', 'ऋण काढून सण करू नका' इथंच थांबतात. ते बरोबरच आहे, पण ऋण नेमकं कुठं आणि कधी निघतं ते कुणी दाखवत नाही. पूर्वी ऋण काढायला सावकाराच्या दारात उभं राहावं लागायचं, माणसाला कळायचं तरी की आपण कर्ज घेतोय. आता ते दुकानातच बिलाच्या टेबलाशेजारी मिळतं, पाच मिनिटांत, आणि त्याला कर्ज म्हणतच नाहीत, ऑफर म्हणतात.

सुरुवात बोनसपासून करू. आमच्याकडं कारखान्यातला बोनस आणि दुधाचं फरक बिल ही दोन्ही दिवाळीच्या तोंडावर येतात. घरात बोनस येणार म्हणलं की काय होतं बघा. समजा २५,००० येणारेत. नवरा मनात धरतो की टीव्हीचं डाऊन पेमेंट ह्यातनं जाईल. बायको धरते की एखादा ग्रॅम सोनं होईल. कॉलेजातल्या मुलाला 'दिवाळीत बघू' असं जूनमध्येच सांगितलेलं असतं, त्यामुळं त्याचा मोबाईल त्यात धरलेला. सासूबाईंना घराला रंग द्यायचाय. प्रत्येकाचा हिशेब आपापल्या जागी बरोबर आहे, कुणी काही अवास्तव मागत नाही, पण सगळ्यांनी तेच २५,००० मोजलेत, आणि हे चौघं एकत्र बसून कधी बोललेले नसतात. मग टीव्ही पण येतो, सोनं पण येतं, मोबाईल पण येतो आणि रंग पण होतो, आणि एका बोनसमधनं जे भागत नाही ते हप्त्यावर जातं. एकच बोनस चारदा खर्च होतो तो असा.

ह्याच्या मागं मनाची एक सवय आहे. रिचर्ड थेलर नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं ह्यावर खूप काम केलंय, २०१७ चं नोबेल त्यांना मिळालं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की रुपया हा रुपयाच असला तरी आपण मनात त्याची वेगवेगळी खाती करतो, पगाराचं खातं वेगळं, बोनसचं वेगळं, लॉटरीचं वेगळं, आणि 'वरचे पैसे' म्हणून ज्या खात्यात टाकतो त्यातनं खर्च करताना हात लगेच सैल होतो. पगारातले ५,००० काढून कुणी मिक्सर पटकन घेत नाही पण बोनसमधले ५,००० कधी गेले कळत नाही.

पण हे पैसे खरंच वरचे आहेत का ते एकदा बघायला पाहिजे. १९६५ च्या बोनस कायद्यात कमीत कमी ८.३३ टक्के आणि जास्तीत जास्त २० टक्के असं ठरलं होतं, आणि नवीन वेतन संहितेतही ते तसंच ठेवलंय. ८.३३ टक्के म्हणजे बारावा भाग, वर्षाचा एक पगार. आणि तोही सगळ्यांना पूर्ण पगारावर मिळत नाही, हिशेब सरकारनं ठरवलेली मर्यादा (जुन्या कायद्यात ती महिना ७,००० रुपये होती) किंवा तुमच्या कामाचं किमान वेतन ह्यात जे जास्त असेल त्यावर धरता येतो, त्यामुळं १८,००० पगार असलेला माणूस '१८,००० बोनस येणार' असं धरून बसला तर फसू शकतो. आर्थिक वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत बोनस द्यावा लागतो, म्हणजे मार्चला वर्ष संपलं की नोव्हेंबरअखेरपर्यंत, आणि मध्ये दिवाळी येते म्हणून तो दिवाळीला मिळतो. दुधाचं तर त्याहून सरळ आहे, फरक बिल म्हणजे तुम्ही वर्षभर घातलेल्या दुधाचाच उरलेला भाव. गोठ्यातलं शेण काढून, पहाटे चारला उठून धार काढून मिळालेला पैसा आहे तो, तो कुणी बक्षीस म्हणून दिलेला नाही. हे डोक्यात पक्कं बसलं ना की खर्च करताना हात आपोआप जरा थांबतो, माझा तरी थांबतो.

दुसरी गोष्ट वेळेची. ऑनलाईन सेल नवरात्राच्या आसपास सुरू होतात, बोनस येतो दिवाळीच्या आठवड्यात. मधले तीन-चार आठवडे खर्च चालू असतो आणि पैसे आलेले नसतात. ते अंतर कार्ड भरून काढतं.

आता हप्त्याकडं येते, कारण गाडी खरी इथंच अडते. 'नो कॉस्ट ईएमआय' म्हणजे बिनव्याजी हप्ते असं सगळ्यांना वाटतं. रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच बँकांना सांगितलं होतं की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, व्याज प्रोसेसिंग फीमध्ये वगैरे लपवून गिऱ्हाईकाकडनंच घेतलं जातं, हे बंद करा. मग आता जे चालतं ते कसं? समजा फोन ३०,००० चा आहे, सहा हप्ते, महिना ५,०००. बँक १५ टक्क्यांनी व्याज लावतेय, त्या हिशेबानं सहा महिन्यांचं व्याज होतं साधारण १,२७०. तर विकणारा किंवा कंपनी आधीच तुम्हाला १,२७० ची सूट देते, फोन कागदावर २८,७३० चा होतो, त्यावर बँक व्याज लावते आणि बेरीज परत ३०,००० वर येते. व्याज आहेच, फक्त ते सुटीच्या रूपात आधी वळतं केलेलं असतं. आणि क्रेडिट कार्डवर असेल तर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो तुम्हीच भरायचा, तो झाला २२९. प्रोसेसिंग फी समजा १९९, त्यावर जीएसटी ३६. म्हणजे सगळे मिळून ४६४ रुपये जास्त.

आता खरं सांगायचं तर ४६४ रुपयांनी कुणाचं घर बुडत नाही. ज्याला फोन हवाच होता, जो ३०,००० असेही खर्च करणार होता, त्याला सहा महिन्यांची सवलत ४६४ ला मिळाली तर तो तोट्याचा सौदा आहे असं मी म्हणणार नाही. नुकसान होतं ते दुसरीकडं. दुकानात गेलेला माणूस १२,००० चा फोन घ्यायला गेलेला असतो, आणि तिथं त्याला किंमत सांगतच नाहीत, 'दादा, फक्त १,९९९ महिना' असं सांगतात. १,९९९ हा आकडा किंमत म्हणून कानावर येतच नाही, किराण्याच्या बिलाएवढा वाटतो. मग १२,००० चा ३०,००० चा होतो. म्हणून मी घरच्यांना एकच सांगून ठेवलंय, दुकानात हप्ता विचारायचा नाही, आधी विचारायचं, 'रोख घेतला तर शेवटचा किती?' हा प्रश्न विचारला की खूपदा सूट मिळते जी हप्त्यावर नसते, आणि सूट नाही मिळाली तरी पूर्ण आकडा एकदा तरी स्वतःच्या कानावर पडतो.

दुकानातल्या फायनान्सवाल्याकडनं कर्ज घेत असाल तर अजून एक लक्षात ठेवा. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेनं अशा कर्जांसाठी 'की फॅक्ट स्टेटमेंट' सक्तीचं केलंय, त्यात सगळे चार्जेस धरून वर्षाचा खरा दर किती पडतो ते एका जागी लिहावं लागतं, आणि ते कर्ज घेणाऱ्याला कळेल अशा भाषेत द्यावं लागतं. म्हणजे मराठीत मागायचा तुम्हाला हक्क आहे. मागा. फोनवर ओटीपी सांगायच्या आधी मागा, नंतर नाही. सोबत इन्शुरन्स चिकटवलाय का, कुठलं मेंबरशिप कार्ड गळ्यात मारलंय का, ते त्यातच दिसतं.

आणि मोबाईलचे सहा हप्ते, टीव्हीचे बारा, सोफ्याचे नऊ असे एकदम सुरू झाले की दिवाळी पाच दिवसांत संपते पण ती फिटता फिटता पुढची दिवाळी येते. त्यात जूनमध्ये शाळा, वह्या-पुस्तकं, युनिफॉर्म, आणि शेतकऱ्याच्या घरात तेव्हाच बी-बियाणं आणि खत. एखादा हप्ता चुकला की बाऊन्स चार्ज, शिवाय सिबिल, म्हणजे कर्जफेडीचे गुण, खाली, आणि मग खरी गरज लागते तेव्हा, म्हणजे घरासाठी वगैरे, बँक नाही म्हणते.

कार्डच्या 'मिनिमम ड्यू'वर जरा थांबते, कारण शिकलेली माणसंसुद्धा इथं फसताना बघितलीत. बिल ४०,००० आलं, खाली लिहिलेलं असतं मिनिमम ड्यू २,०००. माणसाला वाटतं २,००० भरले की ह्या महिन्यापुरता सुटलो. खरं काय होतं? कार्डचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात असतं, वर्षाचे ४२ टक्के. ४०,००० वर एका महिन्याचं व्याज १,४००, त्यावर १८ टक्के जीएसटी २५२, मिळून १,६५२. तुम्ही भरलेल्या २,००० मधले १,६५२ ह्यातच गेले, मुद्दलातनं कमी झाले फक्त ३४८. ४०,००० मधले ३४८! ह्या वेगानं ते कधी फिटणार. शिवाय पूर्ण बिल भरलं नाही की ते बिनव्याजी पंचेचाळीस-पन्नास दिवस मिळतात ते बंद होतात, म्हणजे पुढच्या महिन्यात कार्डवर घेतलेल्या दुधाच्या पिशवीवर पण पहिल्या दिवसापासून व्याज. स्टेटमेंटवर बारीक अक्षरात हा इशारा छापलेला असतो, रिझर्व्ह बँकेनंच तो छापायला लावलाय, पण वाचतो कोण. आणि व्याजाला काही मर्यादा असेल अशा भरवशावर राहू नका, ग्राहक आयोगानं २००८ मध्ये ३० टक्क्यांच्या वर व्याज लावणं अन्यायाचं ठरवलं होतं, तो निकाल सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला.

कार्डनं, फोननं पैसे देताना ते जाताना दिसत नाहीत हा पण एक भाग आहे. अमेरिकेत एमआयटीमध्ये प्रेलेक आणि सिमेस्टर ह्या दोघांनी विद्यार्थ्यांमध्ये बास्केटबॉल मॅचच्या तिकिटांचा लिलाव केला होता, अर्ध्यांना सांगितलं रोख द्यायचे, अर्ध्यांना सांगितलं कार्डनं द्यायचे, तर कार्डवाल्यांनी सरासरी दुपटीहूनही थोडी जास्त बोली लावली. तिकीट तेच, मॅच तीच. आपल्याकडं आता यूपीआय आहे, आणि २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्डही यूपीआयला जोडता येतं, म्हणजे रांगोळीवाल्याचा क्यूआर स्कॅन करताना पैसे खात्यातनं जातायत का उधारीतनं जातायत हेसुद्धा लक्षात येत नाही. म्हणून दिवाळीच्या बाजाराला, म्हणजे पणत्या, कंदील, रांगोळी, तोरण, फुलं, ह्याला मी रोख पैसे घेऊन जाते. पाकिटात २,००० ठेवते, संपले की परत येते. जुनाट वाटेल, पण नोट मोडताना जे वाटतं ते स्कॅन करताना वाटत नाही.

सोन्याचं बोलते आता, ते माझं रोजचं काम आहे. साडेतीन मुहूर्त म्हणजे गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा हे पूर्ण आणि बलिप्रतिपदेचा अर्धा, त्याशिवाय धनत्रयोदशी. मुहूर्ताला सोनं घेऊ नका असं मी म्हणणार नाही, माझ्या आईनं मला दर पाडव्याला थोडं थोडं करूनच दिलंय आणि ते सोनं आमच्या अडचणीला उभं राहिलंय. फक्त सोनं आणि दागिना ह्यात फरक आहे तो समजून घ्या. समजा दागिन्यात १ लाखाचं सोनं आहे. मजुरी १२ टक्के धरली तर १२,०००. झाले १,१२,०००. त्यावर ३ टक्के जीएसटी, ३,३६०. बिल १,१५,३६०. आता हाच दागिना दुसऱ्या दिवशी मोडायला गेलात तर मजुरी गेली, जीएसटी गेला, हातात येणार सोन्याचे १ लाख, आणि खडे, लाख, दोरा हे सोन्याच्या भावानं लागले असतील तर तेही वजा. म्हणजे सोनं १५ टक्क्यांच्या वर चढेल तेव्हा तुम्ही बरोबरीत येणार. मावशी बिलाकडं बघत बसल्या त्या ह्याच्यामुळं. आणि तारण ठेवताना तर सोन्याच्या पूर्ण किमतीएवढं कर्ज मिळतच नाही, त्यातला काही भागच मिळतो.

म्हणून घालायला घेताय तर दागिना घ्या, हौसेला मोल नसतं, त्या मजुरीत कारागिराचे हात आहेत आणि तुमचा आनंद आहे. साठवायला घेताय तर साधं वेढणं घ्या, त्याला मजुरी अगदी कमी लागते. दोन्ही गोष्टी एकाच ठुशीत बसवायला गेलं की गडबड होते, घेताना आपण 'ही गुंतवणूकच आहे' म्हणून मन मोकळं करतो आणि किंमत मात्र हौसेची देतो. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षरं-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, लागतो, दुकानातच बीआयएस केअर ॲपवर तो टाकून बघा, दोन मिनिटं लागतात. आणि बिलात सोन्याचं निव्वळ वजन, मजुरी, जीएसटी वेगवेगळं लिहून घ्या, सगळं एका ओळीत लिहिलेलं बिल घेऊ नका.

सराफाकडं अकरा महिने पैसे भरून दिवाळीला दागिना घ्यायची स्कीम असते ना, ती अकरा महिन्यांचीच का असते ते पण सांगते. कंपनीनं मालासाठी घेतलेला ॲडव्हान्स ३६५ दिवसांच्या आत मालात वळता केला नाही तर कायद्यानं ती ठेव धरली जाते आणि ठेवीचे सगळे नियम लागतात. म्हणून अकरा. ह्याचा दुसरा अर्थ असा की तुमच्या त्या पैशाला ठेवीचं संरक्षण नसतं, पेढी बंद पडली तर तुम्ही रांगेत मागं, आणि अशा पेढ्या ऐन दिवाळीच्या तोंडावर बंद पडलेल्या आहेत महाराष्ट्रात. पेढी कितीही जुनी असू दे, जेवढे बुडाले तरी घर हलणार नाही तेवढेच भरा.

सेलमधल्या '७० टक्के सूट'बद्दल फार लिहीत नाही. एवढंच, एमआरपी हा आकडा माल बनवणारा स्वतः ठरवतो, त्याच्यापेक्षा जास्तीला विकता येत नाही हा कायदा आहे, पण तो आकडा किती मोठा छापावा ह्याला साधारण मालासाठी काही बंधन नाही. त्यामुळं एमआरपीवरची सूट बघायची नाही, तीच वस्तू शेजारच्या दुकानात कितीला आहे ते बघायचं. ॲपवर खोटंच 'फक्त २ शिल्लक', 'ऑफर १० मिनिटांत संपणार', न विचारता बास्केटमध्ये टाकलेला इन्शुरन्स, शेवटच्या पानावर उगवणारी फी, ह्या सगळ्याला 'डार्क पॅटर्न' म्हणतात आणि केंद्र सरकारनं ३० नोव्हेंबर २०२३ ला असे तेरा प्रकार लिहून काढून त्यांना मनाई केलीय. तरी दिसतात. दिसलं तर १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाईनला फोन करा. तसंच २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या टीव्हीवरचा, एसीवरचा जीएसटी २८ चा १८ झाला, तेव्हा आमच्याकडं कितीतरी लोकांनी 'स्वस्त झालाय' म्हणून टीव्ही घेतला. स्वस्त झाला हे खरंच आहे. पण जुना चालू असेल तर स्वस्तातला टीव्ही हा पण खर्चच.

आता जिथं मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते. घरात खर्चाला कात्री लावायची म्हणलं की पहिली कुठं लागते माहितीये? पोस्त कमी करा, कामवाल्या मावशींना ह्या वर्षी साडी नको, फराळ अर्धा करा, आत्याला बोलवायचं राहू दे, भाऊबीजेला येण्याजाण्याचा खर्च होतो तर व्हिडिओ कॉल करू. मला हे बघवत नाही, कारण आकडे बघितले तर पैसे तिथं गेलेलेच नसतात. माझ्या वहीतलं गेल्या दिवाळीचं पान समोर आहे. फराळाचं सामान ३,२००. चौघांचे कपडे ९,०००. पोस्त १,५००, त्यात कामवाल्या मावशी, कचऱ्याची गाडी, पेपरवाला, वॉचमन सगळे आले. ओवाळणी आणि भाऊबीज ५,०००. कंदील, पणत्या, रांगोळी, थोडे फटाके १,५००. माहेरी जाऊन यायचं २,४००. सगळी मिळून अख्खी दिवाळी २२,६००. आणि त्याच दिवाळीत शेजारच्या घरात आलेला एक टीव्ही ४२,००० चा. म्हणजे ज्याला आपण दिवाळी म्हणतो, उटण्याचा वास, पहिल्या आंघोळीला लावलेली फुलबाजी, चकली बिघडली म्हणून सगळ्यांनी मिळून भाजणीत पुन्हा मोहन घालणं, ते सगळं एका टीव्हीच्या जवळपास निम्म्यात बसतं. टीव्ही मे महिन्यात पण घेता येतो. भाऊबीज मे महिन्यात येत नाही. कात्री लावायचीच असेल तर दिवाळीच्या निमित्तानं जे घरात येतं त्याला लावा, दिवाळीला लावू नका.

२२,६०० ला बारानं भागलं की महिना १,९०० च्या आत येतं. आम्ही पाडवा झाला की बारा महिन्यांची आरडी काढतो, पगार झाला की २,००० त्यात. पोस्टाची आरडी पाच वर्षांची असते म्हणून ह्या कामाला ती बसत नाही, बँकेची वर्षाची घ्या. मी स्वतः पतसंस्थेत आहे तरी स्पष्ट सांगते, बँकेतल्या ठेवीला ५ लाखापर्यंत विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेच्या ठेवीला ते नसतं, त्यामुळं पतसंस्था निवडताना तिचा अहवाल आणि माणसं दोन्ही बघा. भिशी पण चालते, गल्लीतल्या बायकांची दिवाळी भिशी मी लहानपणापासून बघतेय, दहा ओळखीच्या घरांत फिरते तोवर तिच्यासारखी शिस्त नाही, पण 'दुप्पट देतो' म्हणणारी भिशी दिसली की लांब राहायचं.

एक बारीक गोष्ट, जी पंचांग बघितल्याशिवाय सुचत नाही. दर दोन-तीन वर्षांनी अधिक मास येतो आणि त्या वर्षी दिवाळी पुढं जाते. २०२६ ला अधिक ज्येष्ठ आहे म्हणून लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, आदल्या वर्षी ते ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात होतं. म्हणजे साठवायला जादा दिवस मिळतात. पण धोंड्याचा महिना म्हणजे जावयाला ३३ अनारशांचं वाण, लेकीला साडी, जेवण, हा वेगळा खर्च मधेच येतो, तो दिवाळीच्या साठवणीतनंच गेला की दिवाळीला हात रिकामा. नवी लग्नं झालेल्या घरांनी हे आधीच धरून ठेवावं, पहिला दिवाळसण आणि पहिला धोंड्याचा महिना एकाच वर्षात आला तर लेकीच्या आईबापाची फार ओढाताण होते. तेव्हा जावयानंच पुढं होऊन 'मामा, ह्या वर्षी काही नको, जेवायला येतो' म्हणलं तर त्याच्याएवढं मोठं काही नाही. म्हणणारे आहेत, मी बघितलेत.

आणि ज्यांच्या डोक्यावर आधीच कर्ज झालंय त्यांनी काय करायचं. कार्डची बाकी सगळ्यात आधी संपवा, टीव्हीचा हप्ता नियमित जाऊ दे पण जास्तीचा प्रत्येक रुपया कार्डात भरा, कारण तिथं ४२ टक्के पळतायत. हातात पैसे नसतील आणि घरात सोनं असेल तर तारण ठेवून कार्ड बंद करणं हा काही वेळा शहाणपणाचा रस्ता असतो. ४०,००० वर कार्डाला महिन्याला १,६५२ जातात, तेच सोनेतारण १२ टक्क्यांनी मिळालं तर ४०० जातील. लोकांना सोनं ठेवायला लाज वाटते आणि मिनिमम ड्यू भरायला वाटत नाही, हे उलटं आहे. फक्त कार्ड रिकामं झालं की ते कपाटात ठेवा, नाहीतर चार महिन्यांनी कार्डही भरलेलं आणि सोनंही तिजोरीत अडकलेलं. मावशींचं मी असंच करून दिलं, मोबाईलचे उरलेले हप्ते मुलानं शनिवार-रविवार काम करून भरले, आषाढात येऊन त्या ठुशी सोडवून घेऊन गेल्या.

लक्ष्मीपूजनाला व्यापारी वही पूजतात, गंध लावतात, पहिल्या पानावर श्री काढतात, पाडव्यापासून त्यांचं नवीन खातं. आमच्या घरात दुकान नाही, पण आईनं सुरू केलेली पद्धत मी चालू ठेवलीय, पाटावर लक्ष्मीच्या फोटोशेजारी घरखर्चाची वही ठेवायची. नवरात्रात घट बसले की त्याच वहीत सगळ्यांनी आपापल्या हातानं लिहायचं, कुणाला काय हवंय आणि ते कुठल्या पैशातनं, सासूबाईसुद्धा लिहितात. एकाच बोनससमोर चार नावं दिसली की तिथंच बोलणं होतं, दुकानात होत नाही. आणि भाऊबीजेच्या रात्री पाहुणे गेले, भांडी झाली की मी ते पान परत उघडते, कशाला खरंच किती गेले ते लिहिते आणि पुढच्या वर्षासाठी दोन ओळी. गेल्या वर्षीच्या ओळी अशा आहेत: कंदिलाचा सांगाडा चांगला आहे, फक्त कागद बदलायचा, नवीन घेऊ नये. कचऱ्याच्या गाडीवर आता दोघं असतात, पोस्त दोघांना वेगळं द्यावं.